ओल्या वाळूचा रंग

वैशाख संपत आला होता. पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेर उभी होती आणि तिच्यापर्यंत नेणारी होडी आमच्यासाठी खोळंबली होती. आई मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून शेजारच्या सखूकाकीला तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती : "ते इले तर सांग गो, आमी उमरावतीक गेलव म्हणान." काकी दर वेळी मान हलवी आणि डोळे दुसरीकडे वळवी. होडीवाला ओरडला तेव्हा कुठे आईने पाऊल उचलले.

'ते' म्हणजे माझे वडील. ते मचव्यावर तांडेल होते. कौले आणि नारळ भरून मुंबईला नेत. एका खेपेला मचवा निघाला, रात्री वादळ झाले, आणि तो मुंबईला पोचला नाही, परतही आला नाही. फळकूट नाही, दोरखंड नाही, माणूस नाही. आमच्या किनाऱ्यावर अशा माणसाला मेला म्हणत नाहीत. बारा वर्षे त्याची वाट पाहायची, बायकोने कुंकू लावायचे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी 'येतलो', म्हणजे येईल, एवढाच शब्द उच्चारायचा. जो कोणी 'गेला' म्हणेल त्याने त्याला स्वतःच्या हाताने बुडवले, असे मानतात. वडील नाहीसे झाले त्या सुमारास मी पुण्यात अध्यापनाचे शिक्षण घेत होते. घरी पोचले तेव्हा आई अंगण झाडत होती, आणि त्या विषयावर मला कोणी काही बोलू दिले नाही.

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहीत आहे : जे किनाऱ्यावर राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे पोटासाठी घाट ओलांडून आलात त्यांच्यासाठी. कोकणात मुलींच्या शाळा थोड्या आणि त्यांतल्या जागा त्याहून थोड्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. तेथे शिकलेल्या शिक्षिका हव्या होत्या. माझी पहिली नेमणूक अकोल्यास झाली आणि दोन वर्षांनी अमरावतीस बदली मिळाली. तेथे भाड्याने दोन खोल्या आणि पुढे ओसरी असे घर मिळाले, म्हणून आईला आणले.

भुसावळ मागे पडल्यावर आई गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहू लागली. पेरणीपूर्वी नांगरून ठेवलेली काळी जमीन दोन्ही बाजूंनी पसरली होती. बराच वेळ पाहून तिने विचारले, "हयसर आग लागली होती काय गो?" मी तिला काळ्या मातीचे गुण समजावून सांगितले : ती ओल धरून ठेवते, कापसाला मानवते, उन्हाळ्यात भेगाळते. तिने सर्व ऐकून घेतले आणि पदर तोंडावर ओढला.

अमरावतीच्या त्या गल्लीत आमच्या शेजारी जनाबाई राहत. त्यांचे घर माळ्याचे. पहाटे मळ्यातून वांगी, मेथी आणि झेंडू आणून त्या बाजारात विकत. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचे. पुण्याच्या सवयीमुळे पहिल्या दिवसांत मला वाटे, ही बाई सदा भांडते. पुढे कळले की तो त्यांचा लोभाचाच स्वर होता. त्या आईला रोज हाक मारीत, "काय वं माय, घरातच बसून राह्यता? या न वट्यावर!" आई हसून मान हलवी, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसे.

ती खंगत चालली होती. ज्वारीची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नसे. मी शाळेतून परत येई तेव्हा सकाळचे ताट तसेच झाकलेले असे. कोकणात ती दिवसभर बोलणारी बाई होती. येथे माझ्या प्रश्नाला उत्तर देण्यापुरतीच बोले. ती या घरात रुजली नाही तर फार दिवस जगणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते. परत पाठवावे तर तेथे तिला सांभाळणारे कोणी उरले नव्हते. म्हणून दसऱ्यापूर्वी सारी गल्ली घरे रंगवू लागली तेव्हा मी ठरवले की आपल्या घराला आपल्या किनाऱ्याचे रंग द्यायचे. डोळ्यांना ओळखीचे काही मिळाले, तर मन मागोमाग येईल, असा माझा विचार होता.

रंग कसे केले ते सांगते. कोणाला उपयोगी पडेल. कळीचा चुना पिंपात विरवून तो निवेपर्यंत थांबावे. त्यात सरस घालावा, म्हणजे भिंतीला हात लागला तर पांढरा होत नाही. कोरड्या वाळूच्या रंगासाठी चुन्यात पिवळी माती घालावी, पण अगदी बेताने, कारण ती लवकर वर येते. ओल्या वाळूसाठी त्याच मिश्रणात चाळलेली राख घालावी. दुपारच्या पाण्याच्या रंगासाठी नीळ, आणि नीळ बोलकी होऊ नये म्हणून दिव्याची काजळी. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणून प्रत्येक मिश्रण आधी फुटक्या कवेलूवर, म्हणजे कौलावर, लावून, ते उन्हात वाळवून मग निर्णय घ्यावा. आमच्या मागील अंगणात अशा कवेलूंची रांग लागली होती. शिंपल्याच्या आतली फिकट गुलाबी छटा मात्र मला साधली नाही. गेरू कितीही कमी घातला तरी तो गेरूच राहिला.

आतली खोली कोरड्या वाळूची केली आणि खिडकीखालचा पट्टा पाण्याचा. ओसरी ओल्या वाळूची. पडद्यांसाठी मांजरपाट आणले आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवून त्याचा कोरा पांढरेपणा मारला. गल्लीतली इतर घरे तेव्हा गर्द निळी झाली होती, चौकटींना तांबडे गेरूचे पट्टे, उंबऱ्याला हळद. जनाबाई कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय वं मास्तरीनबाई, घर रंगवून राहिल्या का राख फासून राहिल्या?"

"आमच्याकडचा समुद्रकाठ असा दिसतो, जनाबाई."

"असीन बापा. पन दसऱ्याले घर कसं नवरीवानी दिसाले पायजे. तुमचं त दुखन्यातून उठल्यावानी दिसते."

मी हसले. त्याही हसल्या, आणि आईसाठी मेथीची जुडी ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या मोर्शीजवळ लेकीकडे गेल्या.

काम पुरे झाल्यावर मी आईला हात धरून ओसरीवर आणले. तिने भिंतीला तळहात लावला, बोटे हळूहळू खाली ओढली. मला वाटले, ओळख पटली. ओळख खरोखरच पटली होती.

"ह्यो रंग त्या दिसाचो," ती म्हणाली.

"कोणत्या दिवसाचा, आई?"

"त्या सकाळी दर्या असोच होतो. वाळू पण अशीच. मी सांजवेळपर्यंत उभी होतंय."

मी ज्या किनाऱ्याचे रंग आठवून भिंतीवर उतरवले तो सुटीत घरी येणाऱ्या मुलीचा किनारा होता. त्यात होड्या होत्या, वाळत घातलेली जाळी होती, दुपारची झोप होती. तिचा किनारा दुसरा होता; वादळ ओसरल्यावर सारे रंग पुसून गेलेला, आणि त्यावर ती एकटी उभी. दोघींनी एकाच वाळूकडे पाहिले होते. मी म्हणाले, भिंती उद्याच पुसून टाकते. ती म्हणाली, "नको. ऱ्हवांदे." आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिने पाणीही घेतले नाही.

गल्लीने मात्र या रंगाचा आपला अर्थ लावला होता. वऱ्हाडात ज्या घरातले माणूस जाते त्या घराला वर्षभर सण नसतो. दसऱ्याला घर उजळायचे नाही, गेरू लावायचा नाही, उंबऱ्याला हळद नाही. आमची राखेरी ओसरी, विटक्या रंगाचे पडदे आणि रिकामी चौकट पाहून बायकांनी ठरवले की यांच्या गावाकडून वाईट बातमी आली आहे आणि परक्या मुलखात म्हणून बिचाऱ्या बोलत नाहीत. जनाबाई असत्या तर त्यांनी समुद्रकाठाचे सांगितले असते. पण त्या परत आल्या तो गल्ली आधीच शोकात होती, आणि मग त्यांनाही तेच खरे वाटले. दुःख लपवायला मास्तरीणबाईंनी आपल्याला काहीबाही सांगितले, असा त्यांचा समज झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सर्व जणी आल्या. डोक्यावरून पदर, पायांत वहाणा नाहीत. जनाबाईंच्या हातात भाकरी आणि बिनफोडणीचे वरण होते, कारण माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. उंबऱ्यातच त्यांनी आईच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने रडू लागल्या.

"कोन गेलं वं माय? आमाले सांगतलं बी नाही! शेजारी काहून असते मंग?"

मी पुढे झाले. खुलासा माझ्या ओठांवर होता. एका वाक्यात गैरसमज दूर झाला असता. पण आई माझ्याआधी बोलली.

"माजो घोव गेलो," ती म्हणाली. "दर्यात गेलो."

जनाबाईंना शब्द कळले असतील-नसतील, अर्थ कळला. त्यांची नजर आईच्या कपाळाकडे गेली आणि त्या थबकल्या. "आनं हे कुकू?"

"थंय कोण माका विचारूक नाय," आई म्हणाली. "सगळी म्हणत, येतलो. माका ठावक होता."

मग ती रडली. वडील नाहीसे झाल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते. ज्या बायकांना तिची भाषा धड समजत नव्हती, ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्या तिच्याभोवती बसून तिच्याइतक्याच रडत होत्या. त्यांच्या रीतीप्रमाणे जनाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. तिने तो चावून गिळला. दुसरा मागितला.

वडिलांचे अंत्यविधी करायचे हे तिनेच ठरवले. भटजींनी आधी नकार दिला. बारा वर्षे भरल्याशिवाय विधी होत नाही असे ते म्हणाले. आई पडद्याआडून म्हणाली, "मगे उरलेली वर्सां तुमी वाट बगा." त्यांनी पंचांग उघडले. पूर्णेच्या काठी देहाऐवजी पळसाच्या पानांचा माणूस केला आणि त्याला अग्नी दिला. पाने ओली होती. धूर फार झाला, जाळ थोडा. आई शेवटपर्यंत उभी राहिली. तिचे कपाळ त्या सकाळपासून मोकळे होते, आणि संक्रांतीला गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावले नाही. जनाबाईंनीसुद्धा नाही. रीत ती रीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्या तिळगूळ घेऊन आल्या आणि तासभर बसल्या.

गावाकडे बातमी पोचली तेव्हा भावकीतल्या एका काकांनी निरोप धाडला : जिने आपल्या तोंडाने नवरा बुडवला, तिने या किनाऱ्याला पुन्हा पाय लावू नये. तो निरोप मी तिला सौम्य शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला. तिने मला थांबवले आणि जसाचा तसा ऐकवायला लावला. ऐकून ती सुपातली ज्वारी निवडत राहिली.

"तर मगे हयसरच," ती म्हणाली.

ती त्यानंतर चार वर्षे जगली. सुखात जगली असे मी लिहिणार नाही. उन्हाळा तिला सोसला नाही, वऱ्हाडी बोलणे तिला कधी आले नाही, आणि सणासुदीला ती आतल्या खोलीत बसे. पण ती जेवत असे, आणि नवऱ्याचे नाव घेऊन त्याच्याविषयी बोलत असे. तो कसा हसे, त्याला कोणता मासा आवडे, तो कोठे बुडाला असेल. हे बोलणे तिला किनाऱ्यावर कोणी बोलू दिले नसते.

मी वर्गात मुलींना 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगते. कोणी आंब्याचे झाड लिहिते, कोणी विहीर, कोणी आजीची खाट. मधल्या सुटीत त्या मला विचारतात, "बाई, तुमचं घर कोठे?" मी त्यांना अमरावतीचे नाव सांगते, आणि त्या समाधानाने खेळायला जातात. त्याहून खरे उत्तर त्यांच्या वयाचे नाही. आमचे माणूस मेले हे जेथे आम्हाला म्हणता आले, ते आमचे घर झाले. आणि त्यासाठी दुसरे घर कायमचे गेले.