माझ्या डिग्रीचे जामीनदार

दुसऱ्याच्या डिग्रीवर इतक्या हक्काने मालकी सांगणारा माणूस परभणी जिल्ह्यातच काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. पोखर्णीत मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे हे काका माझ्या वडिलांचे मित्र. नात्याचे ना गोत्याचे. मला नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला, पण वडिलांच्या शिलाईच्या दुकानातून एवढी फी निघणार नव्हती. शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं आणि बँकेने जामीनदार मागितला. त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांमध्ये साथच आली. एका मामांची कंबर धरली, दुसरे लग्नसराई नसताना परगावी लग्नाला गेले. काका मात्र न बोलावता आले, चहा पिता पिता "कुठं सही करायची?" म्हणाले, आणि बँकेतले साहेब नियम समजावून सांगत होते तोवर सही करून मोकळेही झाले.

सही जामिनाची होती, काकांनी तिचा अर्थ भागीदारी असा घेतला. "आमी इंजिनिअरिंगला हाव," असं ते पारावर सांगायचे. माझी परीक्षा आली की पोखर्णीतल्या लग्नांमधले स्पीकर हळू व्हायचे. मी नांदेडच्या होस्टेलवर, लग्न पोखर्णीत, पण हे काकांना कोण सांगणार? एकदा नवरदेवाचा चुलता भांडायला उठला, "पैसे पूर्ण घेतले आन् आवाज अर्धा?" काका म्हणाले, "पोरीचा उद्या पेपर हाय. नाचायचं तर हळू नाचा." पुढे माझा गणिताचा पेपर राहिला, तेव्हा "आपला एक विषय गेला" असं ते इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगत फिरले की दोन-चार जण घरी येऊन त्यांचं सांत्वन करून गेले. रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "काय करायलीस? जेवायलीस का नीट?" मी वैतागले की म्हणायचे, "मला तुझी फिकीर न्हाई माय, जामिनाची हाय. हप्ता भरणारं माणूस धडधाकट पाहिजे." आणि त्याच आठवड्यात एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी तुपाचा डबा दिलेला असायचा. माया उघड दाखवायची आमच्याकडच्या पुरुषांना लाज वाटते; काकांना जामिनाचा चांगला आडोसा मिळाला होता.

डिग्री झाली आणि मला परभणीतच नोकरी लागली. शेतात उभी करायची हवामानाची यंत्रं आमची कंपनी बनवते. ती बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. काकांना मात्र त्यात एकच त्रुटी दिसायची. "मशीन बसवून महिना झाला, पाऊस का येईना?" असं ते मला जाब विचारल्यासारखं विचारायचे. पगार बेताचा, त्यात कर्जाचा हप्ता. पुण्यात फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी मिळत होती आणि पगार बराच जास्त होता. घरात सगळे म्हणत होते, जा. मी मन घट्ट करून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात कंपनीने जाहीर केलं की जे इंजिनिअर प्रत्यक्ष यंत्रांवर काम करत राहतील त्यांचे शैक्षणिक कर्जाचे हप्ते कंपनी भरेल. टेबलावरच्या कामाला मात्र ही मदत नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं. शेवटची चौकशी म्हणून कंपनीचे नवे साहेब जामीनदाराला एक फोन करणार होते, एवढंच बाकी होतं.

तो फोन काकांनी चार माणसांत घेतला. जामीनदार म्हणून एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. "आमची पोरगी? लय मोठी सायब झाली! एसीत बसती. हाताला माती लागू देत न्हाई. पाना-पकड धरायला खाली माणसं हायत तिच्या!" आमच्या भागात शिकलेल्या पोरीचं याहून मोठं कौतुक नाही. साहेबांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि माझी मदत थांबवली.

मी काकांना सगळं सांगितलं. मला रडू येत होतं, राग येत होता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रागावताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कामासाठी देवगाव फाट्याजवळच्या शेतात होते. काकांनी सकाळीच मंडपाचा टेम्पो काढून परभणी गाठली आणि साहेबांसमोर माझी मनसोक्त बदनामी केली. "सायब, मी फुगवून सांगितलं. कशाची एसी! उन्हानं पार करपली पोरगी. कपड्याला ग्रीस, बुटाला गारा-चिखल. तिची माय तिला तसंच घरात येऊ देत न्हाई!" साहेबांना हसू आवरेना. ते म्हणाले, मी स्वतः बघून येतो; तर काकांनी साहेबांना त्यांच्या गाडीत बसू न देता टेम्पोतच बसवून आणलं. मी खांबावर चढले होते. पाऊस मोजायच्या भांड्यात लाल मुंग्यांनी घर केलं होतं, त्या चावून माझे हात सुजले होते, ओढणी कमरेला खोचलेली. काका खालून अभिमानाने ओरडले, "बघा सायब! हाय का कुठं एसी?"

मदत सुरू झाली. पुण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. मी पेढे घेऊन काकांकडे गेले आणि म्हणाले, "काका, सुटलात तुम्ही. आता तुमच्यावर काही जबाबदारी नाही."

त्यांनी पेढा हातातच धरला. "म्हंजे बँकेत आता माझं नाव न्हाई?"

"नाही."

"मग सकाळी फोन करायचा तर काय म्हणून करू?"

"काका म्हणून करा की."

ते अंगणात उभ्या असलेल्या टेम्पोकडे बघत म्हणाले, "काका तर गावात लय हायत, माय. जामीनदार मी एकटाच होतो."

कर्ज फिटावं म्हणून मी इतकी वर्षं देवाला हात जोडले होते. त्या संध्याकाळी परभणीला परतताना मात्र वाटत राहिलं, एखादा हप्ता राहिला असता तर बरं झालं असतं.