खाली ठेवलं की रडणारं पिल्लू

काशीराम मिस्त्री मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना नव्या तारा गुंडाळायचा. हे पोटाचं काम. जिवाचं काम निराळं. हलणारी खेळणी, डोळे मिचकावणारे राक्षस, मान डोलावणारे नंदी असलं काहीबाही तो घरच्या पडवीत बसून करी. एका गणपतीत त्यानं वायपरची मोटार आणि सायकलची चेन लावून मोदक खाणारा उंदीर केला. आरतीला आलेल्या गंगाकाकींनी हौसेनं उंदराच्या हातावर खराखुरा मोदक ठेवला. उंदरानं तो उचलला आणि तोंडात घालायचा सोडून थेट भटजींच्या कपाळावर भिरकावला. वाडी वर्षभर हसत होती. काशीराम त्याहून जास्त हसला. बायको मालन म्हणाली, "अवो, उंदीर तुमच्यावरच गेलाय. देवाचं भटाला, भटाचं कुणाला!"

असा हा हसरा माणूस. पण शहाऐंशी सालच्या एप्रिलात त्याचं हसू गेलं, त्याची ही हकिकत.

आप्पा खेरांची आंब्याच्या कलमांची बाग कातळाच्या कडेला होती. दोनशे झाडं आणि त्यांवर वानरांची टोळी. वानर खाई कमी आणि नासधूस जास्त. बंदूक कुणी उचलायची नाही, मारुतीचं जनावर. फटाके झाले, डबे बडवून झाले. शेवटी आप्पांनी काशीरामला बोलावलं. त्यानं टाळ्या पिटणारा पत्र्याचा माणूस उभा केला. तीन दिवस वानर लांब राहिले. चौथ्या दिवशी एक हुप्प्या त्या पत्र्याच्या माणसाच्या डोक्यावर बसून आंबा खाताना दिसला.

आप्पा म्हणाले, "अरे काशीराम, तुझ्या माणसाला भीती घालता येत नाही. कारण त्याला स्वतःला भीती वाटत नाही."

आप्पा हे गमतीनं बोलले, पण काशीरामच्या डोक्यात ते रुतून बसलं. भ्यायलेलं यंत्र! दोनच दिवसांत बागेतल्या जाळ्यात वानराचं एक पिल्लू अडकलं. राखणदार सदू ते सोडवायला धावला, तर काशीराम ओरडला, "थांब रे! जरा थांब!" शेजारच्या फारुकनं कुवेतहून आणलेला, आपोआप बाजू बदलणारा टेपरेकॉर्डर त्यानं मागून आणला. पिल्लू किंकाळ्या फोडत होतं. बागेच्या दगडी गडग्यावर त्याची आई, शेपटीचं टोक तुटलेली वानरी, पुढे-मागे नाचत दात दाखवत होती. काशीरामनं कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून घेतल्या आणि मग पिल्लू सोडलं. आईनं ते पोटाशी धरलं आणि ती गेली.

"बेस आवाज मिळाला," काशीराम म्हणाला.

सदू पाठ फिरवून जाळं गुंडाळू लागला.

मग आठवडाभर खपून त्यानं पत्र्याचं पिल्लू बनवलं. पोटात तोच टेपरेकॉर्डर, बाहेर मालननं काळ्या घोंगडीचं शिवलेलं कातडं. हातपाय स्प्रिंगचे, थरथरणारे. ट्रकची जुनी बॅटरी मातीत पुरलेली. सदूला घरी जाताना ते बंद करता यावं म्हणून काशीरामनं एक सोय केली. पिल्लाच्या बुडाला स्कूटरच्या ब्रेकलाइटचा खटका लावला. जमिनीवर ठेवलं की वजनानं खटका दाबला जाई आणि रडणं सुरू. उचललं की गप्प; रात्री सदूनं ते नुसतं फांदीला अडकवायचं. या सोयीवर तो फार खूष होता.

पहिल्या दिवशी यंत्र रडलं आणि सगळी टोळी कातळापलीकडे पळाली. आप्पांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी दुपारी सदू धापा टाकत पडवीत आला.

"काशीरामदादा, चला. एक वानरी आल्ये. जात न्हाय."

"हाकल मग."

"ती तुटक्या शेपटीची हाय. तिचं पोर चार दिवसांमागं विजेच्या तारेला चिकटून मेलं. मेलेलं पोर दोन दिवस घेऊन हिंडत होती. आता तुमचं घेऊन बसल्ये. आवाज वळखला तिनं."

काशीराम धावत गेला. कलमाखाली उन्हात वानरी बसली होती. पिल्लू तिच्या पोटाशी, गप्प. तिनं पाचोळ्यातली कैरी उचलायला हात काढला, पिल्लू घसरून टेकलं, आणि त्याच्या पोटातून ती किंकाळी निघाली. वानरीनं कैरी टाकली, पिल्लू उचललं. गप्प. पुन्हा तसंच. पिल्लू सहा किलो पत्र्याचं, शिवाय चोरीला जाऊ नये म्हणून साखळीनं बुंध्याला बांधलेलं. झाडावर नेता येईना, खाली ठेवता येईना. पलीकडे टोळी तिला हाका मारत होती आणि ती उठत नव्हती.

"सकाळपासून पाणी न्हाय तिच्या पोटात," सदू म्हणाला.

आप्पाही आले. बघून म्हणाले, "एकच आहे ना? बाकीचे गेले. राहू दे. यंत्राला काय कळतंय!"

"यंत्राला न्हाय कळत, आप्पा," काशीराम म्हणाला, "म्हणून तर ते थांबत न्हाय. खरं पोर रडून रडून झोपतं. माझं झोपणार न्हाय. मी त्याला दमायला शिकवलंच न्हाय."

त्यानं पाणी नेलं, केळी नेली. तो चार पावलांवर गेला की ती दात विचकून अंगावर येई, पण पिल्लाशिवाय एक पाऊल टाकत नसे. दिवस कलताना त्यानं मातीतली वायर कापली. वाटलं, सुटली. आवाज बंद झाला की जाईल. वानरीनं पिल्लू खाली ठेवलं. ते गप्प. तिनं ते उचललं, पुन्हा खाली ठेवलं, कान लावला. मग ते हलवलं. मग जमिनीवर आपटल्यासारखं पुन्हा पुन्हा टेकवू लागली. तिला ते रडणंच हवं होतं. काशीरामनं तोंड फिरवलं.

पुढं आयुष्यात त्याच्याकडे कितीतरी जण आले. कुणाला दुकानातून गिऱ्हाईक निघालं की रडणारी बाहुली हवी होती, कुणाला परदेशी गेलेल्या मुलाच्या आवाजात बोलणारा पुतळा. काशीराम त्यांना पाटावर बसवायचा, चहा द्यायचा आणि विचारायचा, "हा जीव दमणार कधी ते सांगा. ज्याचा आवाज घेतलात त्याला विचारलंत का? आणि समोरचं माणूस फसलं, तर त्याच्यासमोर हे उघडून दाखवायची तुमची तयारी हाय का?" तिन्ही प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस त्याला मिळाला नाही. मिळाला असता तरी त्यानं केलं असतं का, देव जाणे. गिऱ्हाईक उठून गेलं की तो हात धुवायचा, कशाला ते मालनलाच ठाऊक. पण ते सगळं पुढचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बागेत आला तेव्हा वानरी तिथंच होती. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. पिल्लू अजून उचलत होती, ठेवत होती, पण हळू. टोळी निघून गेली होती. सदू म्हणाला, "आज दुपार काढील असं वाटत न्हाय."

"हिसकावून घेतलं तर?"

"मग तिचं पोर दुसऱ्यांदा मारलंत."

काशीराम गडग्याच्या कडेला बसला. तेवढ्यात मालन आली. तिनं वानरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अवो, उघडा ते तिच्यासमोर," ती म्हणाली. "तिला दिसू दे आत काय हाय."

"मला जवळ येऊ देत न्हाय गो ती."

"न्हाय येऊ दिलं तर चावेल. चावू दे. पोटाखाली एकच गाठ हाय माझ्या हातची. ती कापलीत की सगळी शिवण सुटंल. स्क्रू बिक्रू शोधत बसू नका."

काशीराम गुडघ्यांवर बसून सरकत निघाला. हातात मालनची छोटी कात्री. वानरीनं दात काढले. तो थांबला, मान खाली घातली, पुन्हा सरकला. तिनं झडप घालून त्याच्या दंडाला चावा घेतला. रक्त आलं. तो हलला नाही. "घे," तो म्हणाला, "अजून घे. पण हे बघू दे." तिच्यात दुसऱ्या चाव्याचं बळ नव्हतं. त्यानं तिच्या हातांतून पिल्लू ओढलं नाही. ते तिच्याच कुशीत असताना खाली हात घातला, चाचपून गाठ शोधली आणि कापली.

शिवण सुटली. तिच्या मांडीवरून टेप, स्प्रिंगा, पत्र्याची पेटी असं सगळं घरंगळून पाचोळ्यात पडलं. वानरी दचकून मागे सरली. तिनं पेटी हुंगली. तेलाचा वास आला असेल. बोटानं एक दातेरी चाक ढकललं, ते फिरलं आणि थांबलं. तिनं काशीरामकडे पाहिलं. त्याला ती नजर झेपली नाही, पण त्यानं डोळे मिटले नाहीत.

हातात काळं कातडं राहिलं होतं. हलकं, साखळी नसलेलं. तिनं ते खांद्यावर टाकलं आणि पडत धडपडत कलमावर चढली. पहिल्या फांदीवरून दुसरीवर, मग शेंड्याकडे. तिथं बेचक्यात ती किती तरी वेळ नुसती बसून राहिली. खाली तिघं माना वर करून उभे. मालननं पदराचा तुकडा फाडून नवऱ्याच्या दंडाला बांधला, तरी त्याची नजर हलली नाही.

मग वानरीनं कातडं बेचक्यात ठेवलं. वाट पाहिली. ते रडलं नाही. तिनं हात लांब केला, कोवळ्या पानांचा घोस ओढला आणि खायला लागली.

"खाल्लं गो," काशीराम म्हणाला आणि पाचोळ्यात बसून हुंदके देऊन रडला.