यंदा शेवटचेच

चँडलर शहरातल्या आमच्या ऑफिसात टपाल वाटणारा पांढऱ्या मिशांचा माणूस बेसबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधीच निकाल सांगून मोकळा व्हायचा. "आमची टीम यंदा शेवटची. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा खांदा गेलाय. जिंकणार आमचे कट्टर वैरी." डोक्यावर टोपी मात्र आपल्याच टीमची.

माझं व्हिसाच्या मुदतवाढीचं पत्र यायचं होतं. नाही आलं तर परत जाणं भाग होतं. मी रोज नुसती मान वर करायचे. "आज नाही. येईलसं वाटत नाही," तो म्हणायचा. मला राग यायचा.

एका सकाळी तो टपालाची ट्रॉली दारातच सोडून लिफाफा घेऊन आला आणि मी फोडेपर्यंत उभा राहिला.

"मंजूर," मी म्हणाले. त्याने आनंदाने टेबलावर थाप मारली.

"मग रोज 'येणार नाही' असं का म्हणायचात?"

"हवं ते आधी बोलून दाखवलं की येत नाही."

"आणि तुमची टीम?"

"शेवटची," तो टोपी नीट करत म्हणाला.