खांद्यातला नांगर

दुकानाचं शटर अडकलं, तेव्हा बायको म्हणाली, मिस्त्रीला बोलवा. मी कसला बोलावतोय! दिला एक हिसका. शटर जागचं हललं नाही, पण स्नायूला हाडाशी बांधणारी उजव्या खांद्यातली शीर सुटली. पनवेलच्या बाजारात हार्डवेअर विकणाऱ्याचं हसं व्हायला तेवढं पुरलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "हाडात अँकर बसवून शीर दोऱ्याने बांधलीय."

जन्मभर मी भिंतीत ठोकायचे अँकर विकत आलोय. म्हटलं, "मग झालं की! उद्यापासून वजन उचलू?"

त्यांनी चष्मा काढला. "अहो, भिंत जिवंत नसते. दोरा नुसता धरून ठेवतो. शीर आणि हाड पुन्हा एकजीव व्हायला हवीत. आधी दोघांच्या मधे कच्चा भराव धरतो, तो हळूहळू पक्का होतो. महिने लागतात. तोवर हात आपल्या जोरावर वर न्यायचा नाही, नाहीतर सगळं उपटून येईल."

पुढच्याच महिन्यात भाचीचं लग्न होतं. अंतरपाट मामानेच धरायचा, हे ती फ्रॉकात होती तेव्हापासून मला बजावत आली होती.

उरणकडच्या गावाहून आत्या बघायला आली. तिला अँकर कसा सांगणार? म्हटलं, "आत्या, खांद्यात नांगर टाकलाय." मला म्हणायचा होता होडीचा नांगर. पण आत्याचं सासर शेतीवालं. तिने शेतातला धरला आणि गावभर सांगितला. मग काय, माणसं नांगर बघायला यायला लागली. एकाने तर पाठीमागे वाकून विचारलं, "फाळ कंच्या अंगाला हाय?" माझा हात झोळीत होता म्हणून तो वाचला.

शेवटी आत्याला समोर बसवून डॉक्टरांचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"मंजे सोयरीक जमली, लगीन लागाचा हाय," ती म्हणाली. "मंग तू मदी कडमडू नको."

मी कुठला ऐकतोय. लग्नाच्या दिवशी झोळी काढून खिशात कोंबली, वर कोट चढवला. भटजींनी अंतरपाट उलगडला तसा मी हात पुढे केला. आत्याने मागून माझं कोपर धरलं. "नाय," एवढंच म्हणाली आणि माझ्या बाजूची दोन्ही टोकं स्वतः धरून उभी राहिली.

आत्या जेमतेम माझ्या छातीला लागते. समोर नवऱ्या मुलाचा मामा ताडमाड. अंतरपाट असा काही तिरपा झाला की पहिल्याच मंगलाष्टकाला नवरानवरी एकमेकांना बघून खुदकन हसली. त्यात दोन्हीकडच्या हौशी बायकांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, ती काही संपेनात. आत्याचे हात भरून आले, पण ती टाचा उंचावून उभी राहिली. भाचीने आत्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला नेमका उजवा हात वर न्यावासा वाटला. नाही नेला.

अक्षता पडल्या. आत्या माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली, खांदा चोळत.

"तुजी झोली दे इकडं," ती म्हणाली. "माजा नांगर सुटला."