पाठ असलेला झगा

मेलेल्या माणसाच्या कपड्यांना पाठ नसते, हे जिवंत माणसांना सहसा ठाऊक नसतं. समोरून सगळं यथासांग असतं. कॉलर, लेस, छातीवरच्या चुण्या, मनगटापर्यंत बाह्या. मागे मात्र काही नाही, नुसत्या दोन नाड्या. आखडलेल्या हातांत बाह्या चढवायच्या तर कपडा मागून उघडा लागतो, आणि पेटीत माणूस उताणा झोपतो, तेव्हा पाठीवर कापड कोण वाया घालवणार? असे कपडे शिवणारी बाई त्या गल्लीच्या टोकाला, पेटीवाल्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर राहायची. गळ्यात कात्री अडकवल्याशिवाय ती दूध आणायलाही बाहेर पडत नसे, म्हणून लोक तिला कात्रीबाई म्हणत.

धंदा तसा बिनघोर होता. पेटीवाला पेट्या बनवायचा, मृताला आंघोळ घालून कपडे चढवायचा, फुलं लावायचा, आणि त्याच्या फळीवर कात्रीबाईने शिवलेल्या कपड्यांची चळत कायम तयार असायची. लहान, मध्यम आणि ढगळ. बायकांना फिकट करडा, पुरुषांना पांढरा. "माझं गिऱ्हाईक कधी परत येत नाही," असं ती म्हणायची, आणि समोरचा हसावं की छातीवर क्रूसाची खूण करावी अशा पेचात पडला की तिला बरं वाटायचं.

घरात दोघीच. ती आणि तिची थोरली बहीण. लग्न दोघींचंही झालं नाही. थोरलीच्या म्हणण्याप्रमाणे तिला स्वतःला कोणी पसंत पडलं नाही आणि धाकटीला कोणी विचारलं नाही. धाकटीचं म्हणणं बरोब्बर उलटं होतं. थोरली घर सांभाळायची आणि चर्चमध्ये रविवारची शाळा घ्यायची. तिने त्या वस्तीतल्या दोन पिढ्यांना स्वर्ग शिकवला होता, आणि तोही असा, की जणू कालच जाऊन जागा बघून आली आहे. मेलेले विश्वासू लोक मेलेले नसतात, निजलेले असतात. आत्मा प्रभूपाशी जातो, देह मातीत वाट बघतो. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की सगळे उठतात, ज्याचे त्याचे हातपाय घेऊन. एखाद्या पोराने विचारलंच की बोट तुटलेल्या माणसाचं काय, तर थोरली म्हणायची, "बोटासकट उठेल. बस खाली."

कात्रीबाईचा यावर विश्वास नव्हता. तिने तसा गाजावाजा कधी केला नाही. आई गेली तेव्हा मात्र दफनाहून परतताना तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "मेलं की संपलं, ताई. उगाच कशाला." त्यानंतर थोरली कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नव्हती. मग बोलायला लागली, पण त्या विषयाला दोघींनी पुन्हा हात लावला नाही. रविवारी कात्रीबाई बहिणीशेजारी बसायची, गाणी खड्या आवाजात म्हणायची. सगळी मंडळी उभी राहून आपला विश्वास मोठ्याने बोलून दाखवायची, तेव्हा तीही बोलायची. फक्त देहाचं पुनरुत्थान आलं की तिचं तोंड मिटायचं, आणि ते वाक्य संपलं की पुन्हा उघडायचं. शेजारी उभ्या असलेल्या थोरलीला ती गप्प झालेली दर रविवारी ऐकू यायची.

थोरलीचा डावा खांदा जन्मापासून वर उचललेला होता आणि तो हात मागे जात नसे. तयार कपडा तिला आयुष्यात कधी बसला नाही. तिचे रविवारचे झगे मागे बटणांचे असत आणि ती बटणं लावायचं काम लहानपणापासून धाकटीकडे होतं. खालून सुरुवात करायची, वर येत जायचं. थोरलीला धीर नावाची गोष्ट नव्हती. शेवटचं बटण राहिलेलं असतानाच ती सुटायची, "उशीर झाला, उशीर झाला," करत रस्त्याला लागायची, आणि धाकटी मागून पळत जाऊन चर्चच्या दारात तिला गाठायची. तिथे थोरली मान खाली घालून क्षणभर उभी राहायची. धाकटी मानेवरचे केस बाजूला करून ते बटण लावायची आणि मग दोघी आत जायच्या. केस पिकले, गुडघे गेले, पळणं संपलं, तरी ही तऱ्हा चालूच राहिली. पुढे तर वरचं बटण घरी लावायचा प्रयत्न दोघींपैकी कोणी करतच नव्हतं.

थोरलीचं हृदय थकलं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन तिने चहा टाकला आणि म्हणाली, "माझं माप घे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला धंदा माझ्यापासून लपवायचाय का?"

कात्रीबाई उठली. गळ्यातली टेप काढून माप घेऊ लागली. जे माप तिला झोपेतही पाठ होतं ते तिने पुन्हा सावकाश घेतलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"आणि मला पाठ हवी," थोरली म्हणाली.

"ताई, पाठ कोणी लावत नाही."

"कर्णा वाजल्यावर अख्ख्या मंडळीसमोर उघड्या पाठीने उठू? रविवारच्या शाळेची सगळी पोरं असतील तिथे!"

कात्रीबाईला हसू आलं. थोरलीला मात्र हसू आलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने टेप गुंडाळायला घेतली.

त्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि थोरलीने त्यांना धारेवर धरलं. पाळकसाहेब तरुण, शिकलेले आणि मनाने चांगले. त्यांनी समजावून सांगितलं की उठणारं शरीर आताचं नसेल, ते नवं, गौरवी असेल, त्याला दुखणं नसेल आणि या मातीतल्या कपड्यांची गरजही नसेल. वस्त्रं प्रभूच देईल, शुभ्र वस्त्रं.

"सगळ्यांना एकाच मापाची?" थोरलीने विचारलं.

"मापाचा प्रश्न तिथे नसेल, मावशी. तुमचा खांदासुद्धा सरळ असेल."

थोरलीने कप खाली ठेवला. "खांदा सरळ झाला तर ही मला ओळखणार कशी?" धाकटीकडे हनुवटी उडवत ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी याचंही काही उत्तर दिलं, चांगलंच असावं. पण कात्रीबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. आपण तिथे असणार हे बहिणीने इतक्या सहज धरून चाललेलं तिने प्रथमच ऐकलं होतं.

झगा निळा शिवला. थोरलीने करडा रंग साफ नाकारला होता. पुढे साधी चूण, डाव्या खांद्याला उंची, आणि मागे मानेपासून कमरेपर्यंत पूर्ण पाठ, बटणांची. बटणं पुढे लावू का, असं कात्रीबाईने विचारलं होतं, कारण हात मागे न जाणाऱ्या बाईला तेच सोयीचं.

"मागेच लाव," थोरली म्हणाली.

"अगं, तिथे लावून देणार कोण?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं दोघींनी ज्याला हात लावला नव्हता ते आता टेबलावर त्या निळ्या कापडाशेजारीच येऊन पडलं.

"तू येशील ना?" थोरलीने विचारलं. "मला मरायचं भय नाही गं. मी उठेन, हे मला ठाऊक आहे. पण उठून बघितलं आणि तू नसलीस तर त्या स्वर्गाचं मी काय करू?"

हो म्हणणं किती सोपं होतं. दुसऱ्या कोणाला कात्रीबाईने ते चहाच्या कपाबरोबर देऊन टाकलं असतं. पण ती या बहिणीशी कधी खोटं बोलली नव्हती. बोललीच असती तरी ते पचलं नसतं.

"पाठ मी पूर्ण लावते," ती म्हणाली. "बटणं घट्ट लावते. हाच झगा तुला घातला जाईल, एवढा माझा शब्द. पुढचं मला ठाऊक नाही, ताई."

"बरं," थोरली म्हणाली, आणि काज करायला घेतले. आपल्या शेवटच्या झग्याचे काज तिने स्वतःच्या हाताने केले.

थोरली गेली ती हॉस्पिटलमध्ये, दिवसाउजेडी, परिचारिका उशी बदलत असताना. कात्रीबाई त्या वेळी घरी तिची शाल आणायला गेली होती. परत आली तेव्हा कॉट रिकामी होती. हॉस्पिटलचे लोक तत्पर होते, पेटीवाला त्याहून तत्पर. ओळखीचं घर म्हणून त्याने स्वतः गाडी आणली होती, सगळं स्वतः केलं होतं. दुसऱ्या दिवशी दफन ठरलं. निरोप पाठवणं, कबरीची जागा, येणारी-जाणारी माणसं या गडबडीत रात्र गेली. सकाळी इस्त्री केलेला निळा झगा हातावर टाकून कात्रीबाई पेटीवाल्याच्या दुकानी पोचली, तेव्हा थोरली पेटीत तयार होती. छातीशी फुलं होती, केस विंचरलेले होते. अंगात फिकट करडा झगा, मध्यम मापाचा.

"तुम्हाला त्रास नको म्हणून मीच सगळं उरकलं, बाई," पेटीवाला म्हणाला. "पैशाचा विषयसुद्धा काढायचा नाही. फळीवरचा सगळ्यात चांगला घेतला. तुमच्याच हातचा."

तिच्याच हातचा होता. लेस तिने निवडली होती, चुण्या तिने घातल्या होत्या. डाव्या खांद्यावर मात्र कापड तणावून गळ्याशी पन्हळ पडली होती. पेटीवाल्याने तिथे एक फूल ठेवून ती झाकली होती.

"हा बदलायचाय," कात्रीबाई म्हणाली.

"आता?" पेटीवाल्याने बाहेर पाहिलं. मंडळी जमू लागली होती, पाळकसाहेब फाटकापाशी लोकांचे हात हातात घेत होते. "बाई, समोरून काही फरक दिसतोय का? सांगा. पाठ कोण बघणार?"

हे वाक्य तिचंच होतं. हा माणूस धंद्यात नवा होता तेव्हा तिनेच त्याला ते शिकवलं होतं.

ती उभी राहिली. तिच्या हिशेबाने पेटीतल्या बाईला करडं आणि निळं आता सारखंच होतं. मेलं की संपलं. मग शब्दसुद्धा संपला. ज्याला दिला ते माणूसच राहिलं नाही तर मोडणार कोणाशी? हे सगळं तिला पटत होतं. तिने ते मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, तेव्हाही पटलं. आणि तरी तिची बोटं फुलं उचलून बाजूला ठेवू लागली होती.

"दार लावून घ्या," ती म्हणाली, "आणि मला हात द्या."

पेटीवाला कुरकुरत का होईना, पण धावून आला. काम सोपं नव्हतं. आयुष्यभर कपडे शिवूनही कात्रीबाईने हे कधी केलं नव्हतं. ते काम त्याचं. गार पडलेल्या हातांना वाकवायचं कसं हे त्याने तिला दाखवलं. करड्या झग्याच्या नाड्या सुटल्या. थोरलीला कुशीवर वळवल्यावर तिची उघडी पाठ दिसली, वर आलेलं खांद्याचं हाड, मानेखालचा तीळ. दर रविवारी पाहिलेली पाठ. कात्रीबाईला तेव्हा रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही. पेटीवाला भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला.

मग तिने डोळे पुसले आणि निळ्या बाह्या चढवल्या. खांदा जिथे बसायचा तिथे बरोबर बसला. पेटीवाल्याने थोरलीला कुशीवर धरून ठेवलं आणि ती बटणं लावू लागली. खालून सुरुवात केली, वर येत गेली. बाहेर गाणं सुरू झालं होतं. दारावर कोणीतरी हलकेच टकटक केली. तिने घाई केली नाही. मानेपाशी आली, केस बाजूला केले, तीळ झाकला जाईल असं कापड नीट केलं, आणि हात काढून घेतला.

"निजवा आता," ती म्हणाली.

पेटीवाल्याने थोरलीला हळूच उताणं केलं. फुलं जागच्या जागी ठेवली. झाकणाला हात घालताना तो घुटमळला. माणूस चोख होता, अर्धं काम त्याला खपत नसे.

"बाई, वरचं एक बटण राहिलं."

"राहिलं नाही," कात्रीबाई म्हणाली. "ते मी दारात लावते."