दीपगृहातलं पत्र कुणी लिहिलं

दत्ता गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळी साडेसातची वेळ. 'परब काका गेले' एवढंच, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. वाईट वाटायच्या आधी मी बातमी कुणी टाकली आहे ते पाहिलं. ज्यानं टाकली होती त्यानं महिन्यापूर्वीच पाण्याचा टँकर येणार म्हणून सगळ्यांना बादल्या घेऊन खाली उतरवलं होतं. म्हणून मी आधी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. त्यानं मान हलवली. मग जिना चढून दत्ताच्या दारात गेलो. दार उघडंच होतं, सुलभा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या... मित्र गेला यालाही मला दुसरा साक्षीदार लागला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या याच खोडीतून घडलं आहे.

मी बँकेत चौतीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी सह्या पडताळण्यात गेली. नमुन्याची सही डाव्या हाताशी, समोर आलेली उजव्या हाताशी. माणूस काय बोलतो, किती गयावया करतो, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. हात खोटं बोलत नाही असं मी नव्या लोकांना शिकवायचो. दत्ता, म्हणजे दत्ताराम परब, याच्या अगदी उलट्या जगातून आलेला. वडील गिरणीत, घर मूळचं मालवणकडचं. लहानपणी चाळीतल्या मंडळाच्या पाट्या रंगवायचा, अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरावरच अंधेरीच्या एका स्टुडिओत कलाविभागात चिकटला. आम्ही मुलुंडला एकाच इमारतीत राहायला आलो तेव्हा दोघांचीही चाळिशी उलटली होती. मला तो पहिल्या दिवसापासून 'सायब' म्हणायचा. जिन्यात गाठ पडली की विचारायचा, "काय सायबा, आज कोणाची सही जुळली नाय?"

मे महिन्यातल्या एका रविवारी एक मराठी वाहिनी दिवसभर जुने कृष्णधवल सिनेमे दाखवते. मध्ये मध्ये निवेदिका पडद्यामागचे किस्से सांगते. आमच्याकडे टीव्ही मोठा, म्हणून त्या दिवशी इमारतीतली सात-आठ म्हातारी मंडळी आमच्या हॉलमध्ये जमायची. वहिनी पन्हं घेऊन यायच्या. निवेदिकेचा किस्सा संपला की दत्ताचा सुरू. सिनेमात पत्र दिसतं ना, अगदी जवळून, त्यातलं अक्षर बऱ्याचदा याचं असायचं म्हणे. नायिकेचं पत्र, गावाकडच्या बापाचं पत्र, खुन्याची चिठ्ठी. पांढरा कागद दिव्यांखाली फार चमकतो, म्हणून तो आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. नायक प्रत्येक 'टेक'ला पत्र चुरगाळतो, म्हणून एकाच पत्राच्या पंधरा-वीस प्रती काढायच्या. अश्रू पडून शाई फुटलेली दाखवायची तर ड्रॉपरनं ग्लिसरीनचा थेंब. "बाई रडायची आणि थेंब माझा पडायचा," असं म्हणून तो खो खो हसायचा. त्याच्या आवडीचा एक सिनेमा होता. त्यात दीपगृहावर एकटी राहिलेली मुलगी बापाला पत्र लिहिते. ते पत्र पडद्यावर आलं की दत्ता पन्ह्याचा पेला खाली ठेवायचा आणि पाठ ताठ करून बसायचा. सगळे त्याच्याकडे बघायचे, पडद्याकडे नाही.

मीही बघायचो. पण मला ते खुपायला लागलं होतं. एका वर्षी मी सिनेमे रेकॉर्ड करून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, तीन पत्रांवर चित्र थांबवून मोबाइलनं फोटो काढले. मी तेव्हाही सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तक्रारवही माझ्याकडेच असते. तीत दत्ताच्या हातची तक्रार होती, टाकीचं झाकण उघडं राहतं म्हणून. मी चारही अक्षरं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. दीपगृहातल्या मुलीचं अक्षर बारीक, उजवीकडे धावणारं. दुसऱ्या सिनेमातल्या बापाचं थरथरतं, जाड. तिसरं जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाचं. वहीतलं दत्ताचं गोल, शांत. चार माणसांची चार अक्षरं. मला आनंद झाला हे लिहायला लाज वाटते, पण झाला. बँकेत खोटी सही सापडली की व्हायचा तसाच.

दत्ताला मी काही बोललो नाही. फक्त त्याच्या किश्श्यांना हसणं बंद केलं. त्यालाही ते जाणवलं असावं. एकदा म्हणाला, "सायबा, तुझं तोंड हल्ली काउंटरवर बसल्यासारखं का असतं रे?" मी म्हटलं, "दात दुखतोय."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या वाहिनीनंच दत्ताला शोधून काढलं. पडद्यामागच्या जुन्या माणसांच्या छोट्या मुलाखती त्यांना सिनेमांच्या मध्ये दाखवायच्या होत्या. दत्तानं अख्ख्या इमारतीला सांगितलं. वहिनींनी त्याला फिका निळा शर्ट आणला, कारण पांढरा कॅमेऱ्यात चमकतो असं त्यानंच बजावलं होतं. दोन दिवसांनी मला फोन आला. वाहिनीतली मुलगी होती, आवाज अगदी कोवळा.

"काका, परब काकांनी तुमचा नंबर दिलाय. त्यांच्याकडे त्या काळचे काही कागद नाहीत म्हणाले. माझा मित्र सामंत, आयुष्यभर सह्या तपासल्यात त्यानं, तो सांगेल म्हणाले. दीपगृहाच्या सिनेमातलं ते फेमस पत्र त्यांचंच आहे ना?"

दत्तानं साक्षीला मला उभं केलं होतं. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "मी अक्षरं ताडून पाहिली आहेत. जुळत नाहीत."

ती म्हणाली, "बरं झालं काका, विचारलं ते. नाहीतर आमची वाट लागली असती."

गुरुवारी वाहिनीची गाडी येणार होती. दत्ता निळा शर्ट घालून दहा वाजल्यापासून गेटजवळ वॉचमनच्या स्टुलावर बसला होता. मी बाल्कनीतून पाहत होतो. बारा वाजले, एक वाजला. येणारेजाणारे विचारत होते, "काय काका, शूटिंगला का?" आणि तो हात वर करत होता. सव्वा वाजता तो उठला, स्टूल वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं आणि वर आला. मेमधल्या सिनेमांच्या रविवारी टीव्हीवर निवेदिकेनं गोड हसत सांगितलं की दीपगृहातलं पत्र नायिकेनं स्वतःच लिहिलं होतं. आमच्या हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "घ्या परब, तुमची तर विकेटच काढली!" सगळे हसले. दत्ताही हसला. "अरे मेल्यांनो, बाईंना मराठी लिहिताच येत नव्हतं. संवाद पण दुसऱ्या लिपीत लिहून द्यावे लागायचे," असं म्हणाला. पण कुणी ऐकत नव्हतं, आणि ज्यानं ऐकायला हवं होतं तो मी पन्ह्याचे पेले गोळा करत होतो.

त्यानंतर दोन वर्षं तो सिनेमांच्या रविवारी आला नाही. भांडण नाही, अबोला नाही. संध्याकाळी गेटवर भेटायचा, हवापाणी व्हायचं, 'सायब' म्हणायचा. त्याला कळलंय का, हे मी त्याच्या प्रत्येक वाक्यात चाचपत राहिलो. 'आज उकडतंय' म्हणाला तरी त्यात काही आहे का ते शोधायचो. चोरानं पोलिसावर संशय घ्यावा तसं माझं झालं होतं... आणि मग ती सकाळ आली, ग्रुपवरची.

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनींनी बोलावलं. फ्लॅट त्यांच्या नावावर करायचा तर सोसायटीचे अर्ज भरायला हवे होते. जुनं शेअर सर्टिफिकेट स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलेलं. त्यांचा हात पुरेना. "भावोजी, जरा डबे उतरवता का?" मी रव्याचा, पोह्यांचा, साबुदाण्याचा असे डबे ओट्यावर उतरवले. फळीवर पिवळट तपकिरी जाड कागद अंथरला होता. त्यावर लिहिलेलं होतं.

'बाबा, दिवा लावायला आता मी आहे.' हीच ओळ, एकाखाली एक, अकरा वेळा, अकरा वेगवेगळ्या हातांची. एक पसरट, एक घाबरट, एक शाळकरी. सातवी बारीक, उजवीकडे धावणारी. तिच्याशेजारी निळ्या पेन्सिलीनं, दुसऱ्याच कुणाच्या हातानं: 'ही घ्या. मुलगी घाईत आहे.' आणि कोपऱ्यात, तक्रारवहीतल्या त्या गोल, शांत अक्षरात: 'सातवी. वीस प्रती, गुरुवारपर्यंत. परब.'

मी काय केलं असेल? बोट ओलं करून शाई पुसते का ते पाहिलं. मित्राच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी तो कागद नवा की जुना ते तपासत होतो. मग खिशातला मोबाइल काढला आणि ते तीन जुने फोटो उघडले. अक्षरांवरची रेघ, शिरोरेघ, शब्द संपला की किंचित खाली उतरायची, दमून बसल्यासारखी. अकराही ओळींत तशीच. तिन्ही फोटोंत तशीच. टाकीच्या झाकणाच्या तक्रारीतही तशीच असणार, हे वही न उघडता मला कळलं. मी अक्षरं पाहत राहिलो होतो, वरची रेघ कधी पाहिलीच नाही. आणि एका माणसाला एकच हात असतो हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं, की दुसऱ्यांच्या हातांनी लिहिणं हीच कुणाची नोकरी असू शकते हे सुचलंच नाही.

"असले कागद ढिगानं होते," वहिनी म्हणाल्या. "त्यांना आठवणही नव्हती. मी फळ्यांवर घातले, जाड आहेत म्हणून."

मी तिथंच, ओट्याला धरून, सगळं सांगितलं. फोन, फोटो, 'जुळत नाहीत.' त्या साबुदाण्याचा डबा पुसत होत्या. पुसणं थांबलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्या मुलीला उलटा फोन केला होता, का नाही आलात म्हणून. ती म्हणाली, तुमच्या मित्रानंच सांगितलं."

"मग दत्ता बोलला का नाही मला?"

"मी म्हटलं होतं जाऊन चांगलं खडसवा. तर म्हणाले, सामंत सवयीला जागला. तो आपणहून सांगेल." त्यांनी डबा खाली ठेवला. "रोज गेटवरून वर आले की मी विचारायची, बोलले का भावोजी? नाही म्हणून मान हलवायचे. दोन वर्षं, भावोजी. पुढे पुढे मी विचारणं सोडलं."

मी खाली बसलो. रडायला यावं असं वाटत होतं, पण येईना. वहिनींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपयोग? सगळ्यांसमोर खोटे ठरलेत ते. सगळ्यांना सांगा."

म्हणून हा लेख. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावली आहे, वाहिनीलाही कागदाचा फोटो पाठवला आहे. त्यांचं उत्तर अजून नाही, आणि येईलच असं मी धरून चाललेलो नाही. कागद फ्रेम करू या असं मी वहिनींना सुचवलं. "मग डबे कशावर ठेवू?" असं म्हणून त्यांनी तो फळीवर पुन्हा नीट पसरला. यंदाचा सिनेमांचा रविवारही त्यांच्याच घरी झाला, छोट्या टीव्हीवर, आम्ही दोघंच. पत्राचं दृश्य आलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि उभ्यानंच पाहून परत आत गेल्या.

काल हा मजकूर त्यांना वाचून दाखवायला गेलो. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, 'दीपगृहाच्या सिनेमातलं पत्र बहुधा दत्ताराम परब यांनीच लिहिलं होतं.'

त्यांनी वर पाहिलं. "बहुधा?"

मी पेन मागितला. तो दत्ताचाच होता, टीव्हीच्या मागे अडकवलेला. दीपगृहाच्या सिनेमातलं पत्र दत्ताराम परब यांनीच लिहिलं होतं.