त्यांनी आवळलेला बोल्ट

यजमान जाऊन दोन महिने झाले, तरी शिवणवाल्या काकूंनी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. गाडीचं ऑइल नेहमी यजमानच बदलायचे. आता काकू पाना घेऊन पहिल्यांदाच गाडीखाली शिरल्या. ऑइल सोडायचा बोल्ट काही केल्या हलेना. त्या माणसाची खोडच तशी! बरणीचं झाकण असो की नळ, असा आवळायचा की बाकीच्यांनी बसावं बोंबलत.

"अहो, एवढं सैल करून द्या हो!" सवयीने त्या ओरडल्या आणि पाना बाहेर धरून थांबल्या.

हात अवघडला, तेव्हा तो आत घेतला. पान्याला पाईप अडकवून, पायाने रेटून बोल्ट सोडवला. काळं, कोमट ऑइल घमेल्यात उतरलं. बोल्ट परत बसवताना मात्र काकूंनी तो स्वतःला सुटेल एवढाच आवळला.